मागच्या खाचेची मेंढरं

अवसरी बुद्रुक,
८ डिसेंबर

मच्छिंद्र,

पाकीट हाताला जाड लागेल. दचकू नकोस, आत कान आहेत. मीठ-हळद लावून वाळवलेत आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोऱ्याने बांधलंय.

फोन करून करून मी थकले. माझा नंबर दिसला की तू कापतोस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. परवा तुझ्या दाजींच्या मोबाइलवरून लावला तर छान "हॅलो" म्हणालास, आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पत्रही फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस दोन-चार ओळी वाचतोच. वापीचा पत्ता तुझ्या वर्गातल्या पप्पूकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, तो द्यायला तयार नव्हता. मी त्याच्या दारात मेंढरं आणून बसवीन म्हणाले, तेव्हा त्याने दिला.

बातम्यांत पाहिलं असशीलच. आमचा तळ इथे सावळेरामभाऊंच्या मोकळ्या रानात होता, दरवर्षीसारखा, खतासाठी. सकाळपासून पाऊस लागला आणि त्याच्याबरोबर असं गार वारं की दुपारपर्यंत मेंढरांभोवतीची जाळी उपटून उसात जाऊन पडली. कातरणी होऊन फार दिवस झाले नव्हते, मेंढरांच्या अंगावर लोकर ती कसली. एक बसलं की दुसरं त्याला चिकटून बसायचं. उठवायला गेलं तर मान टाकायचं. मी शिंगं धरून ओढत होते, तुझे दाजी काटक्या पेटवत होते, त्या पेटत नव्हत्या. दिवस मावळायच्या आत निम्म्याहून जास्त खांड गेली. आमची जास्त गेली. तुझी थोडी.

हो, तुझी. जाताना तू ओरडला होतास, "या मेंढरांत माझं काही नाही!" आपले अण्णा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुला खांड विकून पिकअप घ्यायची होती आणि आई म्हणाली, तुझा वाटा वेगळा करून देते, त्याचं काय करायचं ते कर. तिने तुझ्या वाटणीच्या मेंढरांच्या कानाला मागच्या बाजूने खाच मारली आणि आमच्या दोघींच्या मेंढरांच्या कानाला टोकाशी चीर दिली. तू वाटा न नेताच निघून गेलास. ती मेंढरं कुठे जाणार होती? आमच्यातच चरत राहिली. त्यांना कोकरं झाली, त्यांनाही आई मागची खाच मारत राहिली. तुला हे ठाऊक नव्हतं, कारण तू कधी विचारलंच नाहीस.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि वास सुटायच्या आत पुरणं भाग होतं. बांधाला लागून ऊस, उसात बिबट्या. सावळेरामभाऊंनी जेसीबी बोलावून खड्डा घेतला. पंचनाम्याआधी पुरायचं नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पण पुरायच्या आधी आईने कातर घेतली आणि एकेकाचा खुणेचा कान काढून दोरीत ओवला. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या राखणीत मेलं तर मालकाला कान दाखवायचा, ही आपल्या घरातली रीत तुला सांगायला नको. मी म्हणाले, "आई, आपल्यांचे कशाला?" ती म्हणाली, "सुरवात केली तर सगळ्यांचं करायचं. कोन वळखीचं, कोन बिनवळखीचं, आसं न्हाई."

तेच कान उपयोगाला आले. जनावरांचे डॉक्टर आणि तलाठी भाऊसाहेब तिसऱ्या दिवशी आले. भाऊसाहेबांनी विचारलं, "मेंढरं कुठायत?"

"पुरली," आई म्हणाली.

"पंचनाम्याच्या आधी?"

"तुमची वाट बगत उगडी ठिवली आसती तर जिती बी ऱ्हायली नसती. बिबट्या काय कागुद बगून येतो व्हय?"

डॉक्टर बरा माणूस निघाला. त्याने खड्डा एका कडेने उकरायला लावला, नाकाला रुमाल धरून बघितलं आणि मग आईची दोरी पोत्यावर सोडून कानांवरून आकडा घेतला. सगळं सुरळीत चाललं होतं, सरकारी मदत आमच्या दारात येऊन उभी होती म्हण. तेवढ्यात आईने तोंड उघडलं.

"थांबा सायेब. ती वायली करा. टोकाला चीर हाय ती आमची. मागं खाच हाय ती माझ्या ल्येकाची."

भाऊसाहेबांनी समजावलं, "आजी, सगळी तुमच्याच नावावर घेतो. सोपं जाईल."

"आन दुसऱ्याचं मेंढरू आपलं म्हनू? माझ्या धन्याच्या घरात ऱ्हाऊन?"

"दुसऱ्याचं कुठं, तुमच्या मुलाचंच ना?"

"त्याचंच. म्हनून तर आपलं न्हाई."

बस. दोन मालक म्हणजे दोघांची आधार, दोघांची बँक, दोघांच्या सह्या. तुझी आल्याशिवाय आमचंही प्रकरण पुढे जाणार नाही. भाऊसाहेब म्हणाले, एकच सोपा मार्ग आहे: मुलाने लिहून द्यावं की माझा काही हक्क नाही.

तर तेवढंच कर. कोऱ्या कागदावर लिही: "आईच्या कळपातील मेंढरांवर माझा हक्क नाही. मदत तिला द्यावी." खाली सही आणि आधारची झेरॉक्स. तू जे ओरडून गेलास तेच आता शाईने लिहायचंय, त्यात तुला जड काय आहे?

कान आईने पाठवायला लावले. मी नको म्हणत होते. कान मालकाने ठेवून घेतले की मेंढरं त्याचीच, राखणाऱ्यावर ठपका नाही. परत केले की मेंढरं माझी नव्हेत असं त्याने म्हटलं आणि राखण संपली. तुझी नसतील तर कागदाबरोबर कान परत पाठव.

नंदाक्का

*

अवसरी बुद्रुक,
१९ डिसेंबर

मच्छिंद्र,

पोस्टमन या बाजूला आला की मी मेंढरं सोडून बांधावर जाते. तो आता मला लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

तुझं पाकीट मंचरच्या पोस्टातून टाकलं तेव्हा काउंटरवरच्या बाईने दाबून बघितलं. "आत काय आहे?" मी म्हणाले, "वाळवण." "खायचं का?" "नाही." तिने माझ्याकडे बघितलं, मग खांद्यावरच्या घोंगडीकडे बघितलं, आणि शिक्का मारला. पावती माझ्याकडे आहे. तेव्हा मिळालं नाही असं म्हणू नकोस.

तलाठी कार्यालयात जाऊन आले. भाऊसाहेब म्हणाले, महिनाअखेर यादी वर जाणार, त्यात नाव नसेल तर पुढचं मी सांगू शकत नाही. मी म्हणाले, साहेब, भाऊ बोलत नाही हो आमच्याशी. ते म्हणाले, "बाई, निम्म्या तालुक्याची हीच अडचण आहे." शेजारच्या बाकावरचे दोघे-तिघे हसले. मलाही हसू आलं आणि बाहेर येऊन रडूही आलं, आता हे लिहिलंय तर राहू दे.

ही मदत म्हणजे काही घबाड नाही. एका मेंढरामागे सरकार जे देतं त्यात निम्मं मेंढरूसुद्धा येत नाही. पण त्यातून थोड्या गाभण मेंढ्या घेता आल्या तर खांड पुन्हा उभी राहील. नाहीतर उरलेली इतकी थोडी आहेत की त्यांच्यामागे तीन माणसांनी फिरणं परवडत नाही. चाकणच्या बाजाराचा एक व्यापारी दोनदा येऊन गेला. मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाला, "आत्ता देऊन टाका मावशी, पुन्हा थंडी पडली तर मातीच हाय." तुझ्या दाजींनी त्याचा नंबर मोबाइलमध्ये घालून घेतला. म्हणजे त्यांना पटलं, हे मला कळतं. ते मंचरला टेम्पोवर जातील. मी कांदे लावायला जाईन. आई कुठे जाईल ते मला सांग. तिला भिंतीच्या आत झोप येत नाही, तुला माहीत आहे.

आणि इथे आणखी एक घोटाळा झालाय. इथला चारा संपला. सावळेरामभाऊंना रान नांगरायचंय, ते तोंडाने बोलत नाहीत पण ट्रॅक्टर बांधावर आणून लावलाय. आम्ही केव्हाच हलायला पाहिजे होतं. आई हलत नाही. म्हणते, पोरगं येणार हाय, त्याला तळ कुठं सापडंल.

पोरगं येणार आहे, हे तिला मी सांगितलं.

काय करू? ती रोज विचारायची, कान पोचलं का, काय म्हनला. चौथ्या दिवशी माझ्या तोंडातून निघून गेलं, "फोन झाला. सही करायला येतो म्हणाला." ती उठली आणि घोड्याच्या पाठीवरचं सामान, जे मी सकाळी बांधून ठेवलं होतं, ते सोडायला लागली.

आता मी इथे अडकलेय, मेंढरं अडकलीयत आणि ट्रॅक्टर अडकलाय. सगळं तुझ्या एका सहीवर. तुला तिकडे बसून मजा येत असेल.

नंदाक्का

*

अवसरी बुद्रुक,
२६ डिसेंबर

मच्छिंद्र,

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा सरळच लिहिते. पहिल्या पत्रात मी लिहिलं, "आमची जास्त गेली, तुझी थोडी." ते तसं का झालं, ते लिहिलं नव्हतं. तुला कशाला कळू द्यायचं, असं वाटलं.

तळापासून थोड्या अंतरावर सावळेरामभाऊंची कांद्याची चाळ आहे. त्या दिवशी ती निम्मी रिकामी होती. भाऊ पावसात पळत आले आणि म्हणाले, "जेवढी मावतील तेवढी घाला आत." मी जी हाताला लागतील ती ओढत निघाले. आई चाळीच्या तोंडाशी उभी राहिली. प्रत्येक मेंढराचा कान हातात घेऊन बोटाने चाचपत होती. मागे खाच लागली की आत. टोकाला चीर लागली की बाजूला.

मी ओरडले, "आई, काय करतेस? येईल ते घे आत!"

ती म्हणाली, "आदी राखनीची. आपली मागनं."

"तो नको म्हणून गेला ना!"

"त्यो गेला. त्यानं कुटं मेंढरं सोडली? त्यानं सोताच्या हातनं सोडल्याशिवाय मी सुटत न्हाई."

माझी हिरणी तुला आठवते? चंद्राच्या टिक्याची, भाकरी मागायला चुलीपर्यंत यायची ती. मी तिला उचलून आणली होती. आईने कान चाचपला आणि तिला बाजूला केलं. रागाने नाही, अगदी सावकाश, पाठीवरून हात फिरवून. चाळ भरली तेव्हा तुझी जवळजवळ सगळी आत होती. जी वाटेतच पडली तेवढीच गेली. हिरणी बाहेर राहिली. मी माझी घोंगडी तिच्यावर टाकली होती, सकाळी घोंगडी तेवढी उचलून घेतली.

तेव्हापासून मी चिडलेली आहे. आईवर चिडता येत नाही, ती तिच्या जागी बरोबर आहे. दुसऱ्या कोणा पाहुण्याची मेंढरं असती तर मीही तसंच केलं असतं. पण तू पाहुणा नाहीस ना! तू माझ्या पाठचा भाऊ आहेस. तुझी वाचली याचा मला आनंद व्हायला पाहिजे आणि होत नाही. रोज सकाळी जाळी उघडली की मागच्या खाचेची, पुन्हा मागच्या खाचेची, अशीच बाहेर पडतात. मग कुठेतरी एखादी चिरेची, माझी. मी तुझी मेंढरं राखतेय, मच्छिंद्र. माझी मातीत घालून तुझी राखतेय, आणि माझा फोन उचलायला तुला वेळ नाही.

परवा तर मी सरळ आईला म्हणाले, चल, तुझ्या मुलाची विकून टाकू, पैसे त्याला पाठवू आणि मोकळ्या होऊ. ती म्हणाली, "त्याला इचार." मी म्हणाले, विचारते. कोणाला विचारू? भिंतीला?

यादी चार-पाच दिवसांत जाईल. कागद पाठव. तुझा हक्क नाही असं लिहून दे, मला चालेल. मी इतके दिवस तेच मागतेय. फक्त आज हे लिहिताना एक जाणवतंय, ते सांगून टाकते. कागद आला, तर त्यासोबत कान परत येतील आणि आईला ते मलाच दाखवावे लागतील. त्याची मला धास्ती वाटतेय. पैसे मिळतील, खांड राहील, आणि आई मोकळी होईल. इतकी मोकळी की तिला कोणाची वाट बघायची उरणार नाही. तिचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

तुला जे करायचं ते कर. लवकर कर.

नंदाक्का

*

नारायणगावच्या पुढे, डिंगोऱ्याच्या वाटेवर,
९ जानेवारी

मच्छिंद्र,

तुझा कागद मिळाला. यादी जायच्या आदल्या दिवशी मिळाला, तुझी सगळी कामं अशी शेवटच्या घटकेला. पोस्टमनने लांबूनच पाकीट उंच धरलं आणि मी चिखलातून पळत गेले, एक चप्पल तिथेच राहिली.

तू मी सांगितली तेवढीच दोन वाक्यं लिहिलीस. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आई कशी आहे, नाही. आक्का, नाही. खाली सही आणि झेरॉक्स. मी पाकिटात हात घातला, मग ते उलटं करून झटकलं, मग चारी बाजूंनी फाडून उन्हात धरलं. पोस्टमन म्हणाला, "ताई, काय हरवलं का?" मी विचारलं, याच्याबरोबर दुसरं काही होतं? पिशवी वगैरे? तो म्हणाला, नाही.

कागद घेऊन आधी तलाठी कार्यालयात गेले. आईकडे आधी जायचं धाडस झालं नाही, खरं सांगते. भाऊसाहेबांनी वाचला, नाव यादीत घातलं. मदत कधी येते ते बघू, पण यादीत नाव आहे. कागदाची एक झेरॉक्स त्यांनी ठेवली आणि म्हणाले, मूळ कागदही लागेल, उद्या पुन्हा आणून द्या, शिक्क्याचे साहेब आज नाहीत. म्हणून मूळ कागद घेऊन तळावर आले.

आईला म्हणाले, "मी खोटं बोलले होते. त्याचा फोन आला नव्हता. तो येणार नाही."

ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "ठावं हाय. त्यो येनार आसता तर तू रोज बांदावर जाऊन हुबी ऱ्हायली नसतीस."

"मग हललीस का नाहीस इथून? चारा संपला, भाऊंचा ट्रॅक्टर अडकला..."

"कानाचं काय व्हतंय ते कळल्याबिगर कशी हालू? कुटल्या तोंडानं?"

मग मी कागद वाचून दाखवला. "मेंढरांवर माझा हक्क नाही." दोनदा वाचायला लावला तिने. मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. ती म्हणाली, "कान?"

"कान नाही आले."

"नीट बगितलंस?"

"पाकीट फाडून बघितलं. नाहीत. आई, टाकून दिले असतील त्याने. तिकडे खोलीत चार पोरं राहतात, वास आला असेल, फेकले असतील."

तिने हात पुढे केला. मी कागद दिला. तिला वाचता येत नाही, तरी तिने तो उजेडाकडे धरून बघितला, वरून खाली. मग खालच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून मला दाखवला. तिथे, तुझ्या सहीच्या बाजूला, पिवळा डाग आहे. बोटाचा. मी दिवसभर तो कागद घेऊन फिरले, भाऊसाहेबांनी बघितला, झेरॉक्सवाल्याने बघितला, कोणालाच दिसला नव्हता. आईने वास घेतला. "हाळद," म्हणाली.

तू पिशवी सोडलीस, मच्छिंद्र. कान हातात घेतलेस, चाचपलेस. आणि त्याच हाताने लिहिलंस की माझं काही नाही.

आई म्हणाली, "कागुद भाऊसायबाला. कान त्यानं ठिवलं." आणि उठून घोड्याचं सामान बांधायला लागली. इतके दिवस मी गयावया करत होते तेव्हा हलली नाही, आणि आता म्हणे, "आवर की, बसलीस काय?" मी म्हणाले, उद्या मूळ कागद द्यायचा आहे. तर म्हणे, तू दे आन मागनं ये. तसंच केलं. खांड निघाली तेव्हा सावळेरामभाऊ ट्रॅक्टरवर चढूनच बसले होते. आईने त्यांना रामराम घातला, ते म्हणाले, "पुढच्या साली बी या मावशी. चाळ मोकळी ठेवतो." व्यापाऱ्याला दाजींनी स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

माझा राग गेलेला नाही, हे समजून अस. हिरणी गेली ती गेली. तू दोन ओळींखाली "आक्का" एवढं लिहिलं असतंस तर तुझी शाई संपली नसती. पण काल वाटेत तुझ्या मेंढीला कोकरू झालं. काळं, एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखं. आज सकाळी आईने ते मांडीवर धरलं आणि कातर माझ्या हातात दिली. या आधी कधी दिली नव्हती, खुणा तीच मारायची. म्हणाली, माजं डोळं दगा द्याया लागलं. मी विचारलं, "कोणाची खूण मारू?" उगाच विचारलं. तिने कान तेवढा ताणून धरला.

मागच्या बाजूला मारली. पहिलीच वेळ, खाच जरा मोठी झाली. कोकरू ओरडलं. आता तुला ते लांबूनही ओळखू येईल.

तुझी,
नंदाक्का